कोल्ह्याची लबाडी आणि म्हातारीचा भोपळा

पेण-रोह्याच्या खारपट्ट्यातील मुले तिन्हीसांजेची कोल्हेकुई ऐकत वाढतात. पुस्तकातला कोल्हा मात्र त्यांना भेटतो तो ग्रीसहून आलेला. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची मराठी इसापनीती १८२८ साली छापली गेली. येशूसंघीयांनी तर १५९३ मध्येच जपानातील अमाकुसा येथे इसापाच्या गोष्टी जपानी भाषेत, पण रोमन लिपीत छापल्या होत्या. परकी भाषा शिकावयास लबाड प्राण्यांइतका गोड गुरू दुसरा नसावा!

छापील इसापाबरोबर तात्पर्यही आले. स्तुतीला भुलून कावळ्याने चोच उघडली, कोल्ह्याने घास पळविला; खुशामतीपासून सावध राहावे, एवढे सांगून शिक्षक मोकळा होतो. परंतु आजीने सांगितलेल्या गोष्टीतील म्हातारीचे काय? लेकीकडून लठ्ठ होऊन येते, मग खा, अशी ती वाघाची समजूत घालते आणि परतताना भोपळ्यात बसून निसटते. पंचतंत्रातील वानरही काळीज झाडावर राहिल्याची थाप मगरीला मारतो. मुले टाळ्या पिटतात.

रविवारी धर्मशिक्षणवर्गात ‘खोटे बोलू नये’ हे शिकलेले दुसरीतील मूल सोमवारी विचारील, “म्हातारीला पाप लागले का?” तात्पर्याची ओळ फळ्यावर लिहून हा प्रश्न मिटविणे मला अन्यायाचे वाटते. कोल्ह्याने फसविले ते दुसऱ्याच्या घासासाठी, म्हातारीने स्वतःच्या जिवासाठी. हा भेद मुलाच्याच तोंडून यावा. त्यासाठी शिक्षकाने एवढेच विचारावे: वाघ पुन्हा वाटेत भेटला, तर म्हातारीने त्याला काय सांगावे?