अस्सल आणि नक्कल

गेल्या शनिवारी सकाळची डहाणू लोकल पकडून बोईसरला घरी गेलो. दारातच बाबांची तक्रार, "अरे, लॅपटॉप म्हणतो जागा नाही. तू इंजिनीअर ना, बघ जरा." आयटीतल्या प्रत्येक मुलाच्या नशिबी हे असतंच! चहा घेतला आणि बसलो.

बाबांनी जुन्या डेस्कटॉपची अख्खी हार्ड डिस्क लॅपटॉपवर 'जुना पीसी' या फोल्डरमध्ये कॉपी करून ठेवली आहे. २००६ साली घेतलेला एक्सपीवाला पीसी, डिस्क ४० जीबीची. त्यात शोध घेतला तर 'थम्ब्स.डीबी' नावाच्या दोनशेवर फाइली निघाल्या. म्हटलं, सुरुवात इथूनच करू.

आता ही फाइल म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. छोट्या चित्राला 'थंबनेल' म्हणजे अंगठ्याचं नख म्हणायची पद्धत कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीची, चित्रकारांची. मोठं चित्र काढण्याआधी ते नखाएवढं कच्चं रेखाटन करत. कॉम्प्युटरला त्याची गरज पडली ती वेगळ्या कारणाने. १९९२ मध्ये जेपीईजीचं मानक आलं, मग डिजिटल कॅमेरे आले आणि फोल्डरमध्ये शेकडो फोटो साठू लागले. फोल्डर उघडल्यावर प्रत्येक फोटो पूर्ण वाचून लहान करून दाखवायचा म्हणजे त्या काळच्या मशीनची दमछाक. त्यावर उपाय सोपा होता. एकदा लहान केलेलं चित्र जपून ठेवायचं आणि पुढच्या वेळी तेच दाखवायचं. यालाच कॅश म्हणतात. कॅमेरेवाल्यांनीही हेच केलं. १९९५ च्या एक्झिफ मानकात फोटोच्या पोटातच एक छोटा फोटो ठेवायची सोय आहे.

एक्सपीमध्ये हे छोटे फोटो त्या त्या फोल्डरमधल्या लपवलेल्या थम्ब्स.डीबीमध्ये साठत. आकार साधारण ९६ बाय ९६ पिक्सेल, जोडीला मूळ फाइलचं नाव आणि तारीख. २००७ मध्ये व्हिस्टा बाजारात आलं आणि हा कारभार युजरच्या फोल्डरमध्ये एकाच ठिकाणी हलवला गेला. 'डिस्क क्लीनअप'मध्ये त्यासाठी टिक करायचा चौकोनही आला. पुढे जुन्या अँड्रॉइड फोनमध्ये हीच कॅश कधी कधी जीबीच्या घरात जायची. कॅमेऱ्याच्या फोल्डरमधलं ते लपलेलं 'थंबनेल्स' फोल्डर उडवून अनेकांनी जागा मिळवली असेल (मीपण).

कॅश उडवायला हरकत नसते, कारण मूळ फोटो जागेवर असतो. पुन्हा फोल्डर उघडलं की छोटी चित्रं पुन्हा बनतात. जागाही मग तेवढीच पुन्हा जाते, हा भाग निराळा! आमच्या त्या दोनशे फाइलींचं एकूण वजन जेमतेम ३० एमबी होतं. एवढ्याने लॅपटॉपचं काय होणार? पण हात सुरू झाला होता.

सगळ्या सिलेक्ट केल्या आणि उडवणार, तेवढ्यात यादीत एक गोष्ट खटकली. 'तारापूर दिवाळी' नावाच्या फोल्डरमध्ये ९० केबीची थम्ब्स.डीबी होती आणि फोटो एकही नव्हता.

आणि मला आठवलं. आठवीत असताना एक गेम टाकायला जागा हवी होती. मी त्या फोल्डरमधले सगळे फोटो निवडून शिफ्ट-डिलीट केले होते. फोल्डर तसंच राहिलं. घरी म्हटलं, "व्हायरस आला होता." पुढच्याच वर्षी आजी गेली.

एक्सपीची गंमत अशी की मूळ फोटो उडवला तरी थम्ब्स.डीबीतली नोंद सहसा जात नसे. सायबर तपास करणाऱ्यांना ही फाइल आवडते ती याचमुळे. मी एक फुकटचं व्ह्यूअर उतरवून ती उघडली. बावीस छोटे फोटो. तारापूरच्या किल्ल्याच्या तटापाशी आजी, निळ्या लुगड्यात, हातात चिंचणीला घेतलेली भुईमुगाच्या शेंगांची पुडी. तट म्हणजे सात-आठ काळे ठिपके, आणि आजीचा चेहरा त्याहून थोडा मोठा.

त्या दिवशी बाबांनी आम्हाला त्या तटाची गोष्ट सांगितली होती. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने हा किल्ला पोर्तुगिजांकडून घेतला, त्यात बाजी भिवराव रेठरेकर पडले, आणि मे महिन्यात वसई आली. आपल्याला हे कळतं ते जुन्या कागदांमुळे. गो. स. सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापले, त्यात वसईच्या मोहिमेचेही आहेत. इतिहासवाले कागद हातात आला की आधी विचारतात, अस्सल की नक्कल? सरदेसाईंचे खंड म्हणजे छापील नक्कल, पण शंका आली तर पुण्याच्या दफ्तरात जाऊन अस्सल कागद बघता येतो. माझ्याकडे अस्सल उरलंच नव्हतं. ते मीच मोडीत काढलं होतं. आता ही ९० केबीची नक्कल, तेवढंच साधन.

बाबांना बोलावलं. ते चष्मा सारखा करून बराच वेळ बघत राहिले.

"मोठा नाही होत का हा?"

"नाही बाबा. मोठा केला की नुसते चौकोन दिसतात."

मग व्हायरसची खरी गोष्टही सांगून टाकली. रागावतील असं वाटलं होतं. "मला वाटलंच होतं," एवढंच म्हणाले आणि पुन्हा पहिल्या फोटोवर गेले.

असो. लॅपटॉपची जागा खाल्ली होती व्हॉट्सॲपवरून आलेल्या व्हिडिओंनी. ते उडवल्यावर १८ जीबी मोकळे झाले. तर मंडळी, कॅश खुशाल साफ करा, ती त्यासाठीच असते. फक्त जुन्या मशीनच्या बाबतीत त्याआधी एकदा बघून घ्या, तिच्यामागचं अस्सल अजून आहे ना.

ती ९० केबीची फाइल मी तीन ठिकाणी कॉपी करून ठेवली आहे. आणि बाबांनी तो पहिला फोटो स्टुडिओत नेऊन छापून आणलाय, नखाएवढाच, पाकिटात मावेल असा.