लातूरची रेल्वे आणि कंधारचं तळं

शाळेत आपण सगळ्यांनी जलचक्राची आकृती काढलेली आहे. समुद्र, वर जाणारे बाण, ढग, डोंगर, नदी आणि पुन्हा समुद्र. त्या आकृतीत लातूर-नांदेड कुठं बसतं, हे मात्र आपण कधी विचारलं नाही. आज तेवढंच बघू.

अरबी समुद्रावरचं बाष्प नैर्ऋत्य वाऱ्यांबरोबर येतं, सह्याद्रीला अडून वर चढतं, थंड होतं आणि बरंचसं तिथंच रितं होतं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. लातूरला आठशेच्या आसपास, नांदेडला त्याहून थोडा जास्त. आपली दुसरी आशा पूर्वेकडची. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा झाला की तो कधीकधी पश्चिमेकडे सरकतो आणि ऑगस्ट-सप्टेंबरात मराठवाडा भिजवून जातो. तोही दरवर्षी येईलच असं नाही.

आला तरी पाणी राहणार कुठं? खाली काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट. पाणी मुरतं ते वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत. वर उन्हाळा असा, की उघड्या तळ्यातून वर्षभरात उडून जाणारं पाणी तिथं पडणाऱ्या पावसापेक्षा जास्त भरतं. आभाळ देतं त्यापेक्षा मागतं जास्त!

आता इतिहासाकडे येतो. राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लत्तलूरपुरवराधीश्वर' म्हणवत. हे लत्तलूर म्हणजे आपलं लातूर, असं बहुतेक अभ्यासक मानतात. याच राजांच्या काळातलं मोठं तळं नांदेड जिल्ह्यात कंधारला आहे, जगत्तुंग समुद्र. 'जगत्तुंग' हे तिसऱ्या गोविंदाचं बिरुद. तळ्याला 'समुद्र' म्हणायचं, यात राजाची बढाई असेलच. पण समुद्रापासून इतक्या लांब राहणाऱ्यांनी हे नाव द्यावं, यात मला गरजही दिसते. चार महिन्यांतल्या मोजक्या पावसाचं पाणी गावाजवळच अडवून धरायची गरज.

हजार वर्षांनंतर, एप्रिल 2016 मध्ये त्याच लत्तलूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावली होती. बोअर खोल खोल गेले होते. मांजराकाठचा ऊस वर्षभर शेतात उभा राहतो आणि पानांवाटे पाणी आभाळाला देत राहतो, हेही विसरू नका. 12 एप्रिलला पहाटे मिरजेहून पहिली गाडी आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली.

मिरजेचं पाणी कृष्णेचं, आणि कृष्णा उगम पावते महाबळेश्वरला. म्हणजे सह्याद्रीनं वाटेत अडवून घेतलेला पाऊसच आपण डिझेल जाळून इकडं आणला. शाळेच्या आकृतीत हा बाण नव्हता.

आणि त्याच वर्षी, सप्टेंबरच्या शेवटी लातूरमध्ये एवढा पाऊस झाला की ओढ्यानाल्यांना पूर आले आणि मांजरा धरणात पुन्हा पाणी आलं. एप्रिलमध्ये घागरी घेऊन रांगेत उभी असलेली माणसं पाच महिन्यांनी पुराचं पाणी बघत होती.

प्रश्न असतील तर आता विचारा.