वॉर्डन नसलेले घर : इंग्लंडमधील सार्वजनिक वृद्धनिवासांची समाप्ती आणि साहित्याची साक्ष

इंग्रजी साहित्यातील वृद्धाश्रयाची वास्तू ही प्रामुख्याने भीतीची वास्तू आहे. जॉर्ज क्रॅबच्या ‘द व्हिलेज’ (१७८३) या काव्यातील गरीबगृहापासून विसाव्या शतकातील कादंबरी-नाटकांपर्यंत, म्हातारपणी तेथे जावे लागू नये ही अनेक पात्रांची अखेरची इच्छा असते. १९९० नंतरच्या न्यायालयीन निकालपत्रांत मात्र नेमके उलटे चित्र दिसते. स्थानिक कौन्सिलांनी चालविलेली वृद्धनिवासे बंद करण्याचे ठराव होऊ लागले, तेव्हा तेथील दुर्बल आणि आजारी रहिवासी ‘आम्हाला येथून हलवू नका’ असे सांगत न्यायालयात गेले. ज्या दाराच्या आत पाऊल टाकण्याची एका पिढीला धास्ती होती, त्याच दारातून बाहेर पडण्यास पुढची पिढी का तयार नव्हती, हा या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होय. त्याचे उत्तर शोधताना कायदे आणि अंदाजपत्रके यांच्याइतकीच साहित्याची साक्षही उपयोगी पडते.

या भीतीचे मूळ १८३४ च्या गरीब कायद्याच्या सुधारणेत आहे. मदत हवी असेल तर वर्कहाउसमध्ये यावे, आणि तेथील जीवन बाहेरच्या गरिबातल्या गरीब मजुराच्या जीवनापेक्षा कमी सुसह्य असावे, हे त्या कायद्यामागील तत्त्व होते. धडधाकट बेकारांना परावृत्त करण्यासाठी योजलेली ही वास्तू कालांतराने प्रामुख्याने वृद्ध व अपंगांच्या वाट्याला आली. १९०९ च्या जानेवारीपासून सत्तर वर्षांवरील गरजूंना आठवड्याला कमाल पाच शिलिंग निवृत्तिवेतन मिळू लागले, तरी ज्यांना सांभाळणारे कोणी नव्हते त्यांचा प्रश्न सुटला नाही. १९२९ च्या कायद्याने वर्कहाउसे कौन्सिलांकडे आली. नाव बदलले, भिंती त्याच राहिल्या.

१९४८ च्या राष्ट्रीय साहाय्य कायद्याने गरीब कायद्याची अखेर केली. वय किंवा दुर्बलता यांमुळे ज्यांना देखभालीची गरज आहे आणि ती अन्यत्र मिळू शकत नाही, त्यांच्या निवासाची व्यवस्था करणे हे कौन्सिलांचे कर्तव्य ठरले. ही तरतूद कायद्याच्या तिसऱ्या भागात असल्यामुळे अशा निवासांना पुढे कित्येक दशके ‘पार्ट थ्री’ याच नावाने ओळखले जाई. मंत्री अन्यूरिन बेव्हन यांच्या मनात लहान, घरगुती निवासांचे चित्र होते. वर्कहाउसचा मास्टर आणि तेथील आश्रित या नात्याऐवजी हॉटेलचा व्यवस्थापक आणि पाहुणा यांच्यासारखे नाते तेथे असावे, अशी त्यांची अपेक्षा होती. ही सुधारणा त्यांनी इमारतीच्या आकाराइतकीच नात्याच्या स्वरूपाशी जोडली होती, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

अपेक्षा आणि वास्तव यांतील अंतर पीटर टाउनसेंड या समाजशास्त्रज्ञाने मोजले. १९५८-५९ मध्ये त्याने इंग्लंड व वेल्समधील १७३ निवासांना भेटी दिल्या आणि १९६२ मध्ये ‘द लास्ट रेफ्यूज’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. जुन्या वर्कहाउसांच्या इमारतींत अजूनही मोठ्या संख्येने वृद्ध राहत होते. खाजगीपणाचा अभाव, रिकामे दिवस आणि तुटलेली नाती यांची त्याने केलेली नोंद अस्वस्थ करणारी होती. सामूहिक निवासाची ही पद्धतच हळूहळू सोडून द्यावी आणि वृद्धांना स्वतःच्या घरात अथवा आधारयुक्त लहान सदनिकांत राहता यावे, असा त्याचा निष्कर्ष होता. पाच वर्षांनी आलेल्या पॉल बेली यांच्या ‘ॲट द जेरुसलेम’ (१९६७) या पहिल्याच कादंबरीत हेच वास्तव आतून दिसते. सावत्र मुलाच्या घरातून एका वृद्धनिवासात पोचविली गेलेली फेथ गॅड्नी तेथील कोणाशीच जुळवून घेऊ शकत नाही. टाउनसेंडची टिपणे आणि बेलीचे तुटक, कोरडे संवाद शेजारी ठेवून वाचले, तर एकाच दशकातील दोन साक्षी परस्परांना दुजोरा देताना दिसतात.

टाउनसेंडने सुचविलेल्या पर्यायाला लवकरच बळ मिळाले. १९६९ च्या शासकीय परिपत्रकाने वृद्धांसाठीच्या सदनिकांचे दोन प्रकार ठरवून दिले. त्यांपैकी अधिक दुर्बल वृद्धांसाठी असलेल्या दुसऱ्या प्रकारात सामायिक बैठकीची खोली, धोक्याची घंटा आणि वॉर्डन यांची तरतूद होती. वॉर्डन बहुधा त्याच आवारात राहत असे. सकाळी दारावर टकटक करणे, विचारपूस करणे, घंटा वाजली की धावून जाणे एवढेच त्याचे काम. कागदावर ही एक साधी नोकरी होती. एकट्या वृद्धाच्या लेखी मात्र आपण आज उठलो की नाही हे पाहणारे जगात निदान एक माणूस आहे, याची ती खात्री होती.

ही व्यवस्था मागे कशी हटली? १९८० च्या दशकात सामाजिक सुरक्षेच्या निधीतून खाजगी निवासांतील वृद्धांचा खर्च दिला जाऊ लागला आणि खाजगी क्षेत्र झपाट्याने वाढले. १९९० च्या कायद्याने ही जबाबदारी कौन्सिलांकडे सोपविली. एप्रिल १९९३ पासून तो अमलात आला तेव्हा हस्तांतरित निधीतील ८५ टक्के रक्कम स्वतंत्र क्षेत्रातील सेवांवरच खर्च करण्याची अट होती. स्वतःचे निवास चालविणे कौन्सिलला त्यामुळे तोट्याचे झाले. आधारयुक्त सदनिकांसाठी २००३ मध्ये ‘सपोर्टिंग पीपल’ ही स्वतंत्र निधियोजना आली. परंतु तो निधी त्याच कामासाठी राखून ठेवण्याची अट इंग्लंडमध्ये २००९ साली काढून टाकण्यात आली. २०१० नंतरच्या काटकसरीच्या काळात ही तरतूद कापणे मग सोपे झाले.

कौन्सिलांची बाजू पोकळ होती असे मात्र म्हणता येत नाही. खोल्या लहान, स्नानगृहे सामायिक, इमारती जुन्या. आणि वृद्धांना स्वतःच्या घरी राहायचे असते हे टाउनसेंडचेच म्हणणे. सुधारकाचा युक्तिवाद आणि हिशेबनीसाचा युक्तिवाद येथे एकाच भाषेत बोलू लागले. बंद करण्याची रीतही ठरावीक असे. प्रथम नवे प्रवेश थांबवायचे, मग जागा रिकाम्या पडायच्या, आणि रिकाम्या जागांचा आकडाच निवास परवडत नसल्याचा पुरावा म्हणून पुढे यायचा. सल्लामसलतीची पत्रे रहिवाशांपर्यंत पोचत तेव्हा निम्मे घर आधीच ओस पडलेले असे.

न्यायालयांनी या प्रक्रियेला काही मर्यादा घातल्या. एक्सेटर येथील मार्डन हाउस ही आरोग्य प्राधिकरणाची संस्था होती, कौन्सिलची नव्हे. परंतु तिच्याविषयीचा १९९९ चा अपील न्यायालयाचा निर्णय अशा खटल्यांत मार्गदर्शक ठरला. हवे तितके दिवस येथे राहता येईल, असे स्पष्ट आश्वासन गंभीर अपंगत्व असलेल्या रहिवाशांना दिले गेले होते. सबळ सार्वजनिक कारण नसताना ते मोडणे अन्यायाचे आहे, असे न्यायालयाने ठरविले. २००९ मध्ये बार्नेट आणि पोर्ट्समथ येथील आधारयुक्त सदनिकांतील वॉर्डनची व्यवस्था काढण्याचे निर्णय उच्च न्यायालयाने रद्द केले. अपंग व्यक्तींविषयीच्या वैधानिक कर्तव्याचा पुरेसा विचार झाला नव्हता, हे त्यामागील कारण होते. मात्र अशा निकालांनी दोष निर्णयाच्या रीतीत दाखविला. रीतसर विचार करून तोच निर्णय पुन्हा घेण्याची वाट त्यामुळे बंद झाली नाही.

येथे अँथनी ट्रॉलोपच्या ‘द वॉर्डन’ (१८५५) या कादंबरीकडे वळणे आवश्यक ठरते. हायरमच्या धर्मादाय निवासात बारा वृद्ध मजूर आणि त्यांचा वॉर्डन हार्डिंग राहतात. वॉर्डनला वर्षाला आठशे पौंड मिळतात आणि वृद्धांच्या वाट्याला अगदी थोडे, हा अन्याय आहे असे जॉन बोल्ड हा सुधारक म्हणतो, आणि ते खोटे नाही. वर्षाला शंभर पौंड मिळतील या आशेने बहुतेक वृद्ध अर्जावर सह्या करतात. अखेरीस हार्डिंग सदसद्विवेकबुद्धीने राजीनामा देतो. पण नवा वॉर्डन नेमला जात नाही. कादंबरीच्या शेवटी बारांपैकी सहा वृद्ध मरण पावलेले आहेत, त्यांच्या जागा भरलेल्या नाहीत, उरलेले आपसांत भांडत आहेत आणि बाग उजाड झाली आहे. शंभर पौंड कोणालाच मिळाले नाहीत. निवास बंद करण्याचा ठराव कोणीही केलेला नाही. माणूस काढला आणि जागा भरल्या नाहीत, एवढ्यानेच ते संपले. दीडशे वर्षांनंतरच्या कौन्सिलांची कार्यपद्धती ट्रॉलोपला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरीही संस्था कशी मरते याचे त्याने केलेले निरूपण तिला तंतोतंत लागू पडते.

प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर याच ठिकाणी सापडते. ॲलन बेनेट यांच्या ‘अ क्रीम क्रॅकर अंडर द सेटी’ (१९८८) या एकपात्री नाट्यात घरात पडलेली वृद्ध डॉरिस दाराशी आलेल्या पोलिसाला ‘मी ठीक आहे’ असे सांगून परत पाठविते, कारण मदत मागितली तर वृद्धनिवासात जावे लागेल. निवास न सोडण्यासाठी लढणारे रहिवासी आणि डॉरिस यांच्यात वरवर विरोध दिसतो. दोघांची मागणी मात्र एकच आहे : जेथे आपल्याला कोणी ओळखते, तेथून उठविले जाऊ नये. भीती वास्तूची नसते. ती ओळख तुटण्याची असते. जिला सुधारक ‘संस्था’ म्हणत होते, ती वीस वर्षांच्या सहवासाने काहींसाठी घर झाली होती, आणि कोणत्याही खर्चाच्या तक्त्यात या रूपांतराची नोंद नव्हती.

मराठीच्या अभ्यासकाला येथे एक तफावत जाणवेल. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मध्ये किंवा जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’मध्ये वृद्धांचे दुःख मुलांच्या संदर्भात उलगडते, शासन तेथे पात्र म्हणून येतच नाही. भारतातील २००७ च्या कायद्यानेही मुलांच्या निर्वाहकर्तव्यावर भर दिला. प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम असावा ही त्यातील तरतूद ‘राज्य शासन करू शकेल’ अशा शब्दांत आहे. जे उघडण्याचे बंधनच नाही, ते बंद होण्याविरुद्ध दाद कोण मागणार? इंग्लंडमधील वृद्धांना निदान १९४८ च्या वचनाकडे बोट दाखविता आले. २०१५ पासून तेथे त्या जुन्या कलमाची जागा २०१४ च्या देखभाल कायद्याने घेतली. गरजेचे मूल्यमापन करण्याचे कर्तव्य त्याने कौन्सिलांवर ठेवले. स्वतःचे निवास चालविलेच पाहिजे असे बंधन मात्र त्यात नाही. सकाळी दारावर टकटक करणाऱ्या माणसाला त्या मूल्यमापनात कोणते स्थान द्यायचे, हे प्रत्येक ठिकाणी नव्याने ठरवावे लागते.