कॅरीसाहेबांचा रविवार

मराठी मुलखाबाहेर नोकरी करणाऱ्या माणसाचा रविवार हा मोठा अवघड दिवस असतो. गावाकडे असतो तर कुणाचे बारसे, कुणाचा साखरपुडा, निदान चुलत्याच्या ओटीवरची बैठक तरी ठरलेली असते. इथे कलकत्त्यास (सरकारी कागदावर आम्ही २००१ पासून कोलकाता लिहितो, पण तोंडातून अजून जुनेच नाव निघते) उशिरा उठावे, घरून आलेले मासिक शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचावे आणि दुपारी झोपावे. संध्याकाळी जाग येते ती सोमवारच्या धास्तीने. अशाच एका रविवारी, दुसरा काही उद्योग नाही म्हणून, मी हावड्याहून लोकल धरून श्रीरामपूरला गेलो. कचेरीतल्या एका मराठी स्नेह्याला हे सांगितले तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे आपल्याकडचे उसाचे श्रीरामपूर उभे राहिले आणि एका दिवसात जाऊन आलास कसा, असे त्याने साश्चर्य विचारले!

हे श्रीरामपूर हुगळीच्या पश्चिम तीरावरचे. इंग्रज त्याला सेरामपूर म्हणत. १८४५ पर्यंत ते डेन्मार्कच्या ताब्यात होते. या गावाचे आपल्या भाषेवर एक जुने ऋण आहे. डॉ. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये निघाले ते येथूनच आणि त्यांचा मराठी कोश १८१० मध्ये मोडी अक्षरांत छापला गेला तोही येथेच. नागपूरकडचे वैजनाथ पंडित या कामी त्यांच्या जवळ होते. मराठी मुलखापासून शेकडो कोस दूर, एक इंग्रज आणि एक वैदर्भीय ब्राह्मण हुगळीकाठी बसून आपली नामे आणि क्रियापदे लावीत आहेत, हे चित्र कुणाही परप्रांतस्थ मराठी माणसाला गोड वाटेल. त्या मराठीत दोष काढणारे पुष्कळ आहेत आणि दोष आहेतही. परंतु आज लिहावयाचे आहे ते कॅरीसाहेबांच्या मराठीविषयी नाही, त्यांच्या वेळेविषयी आहे.

कॅरींचा जन्म १७६१ चा, नॉर्दॅम्प्टनशायर परगण्यातल्या एका खेड्यातला. धंदा जोडे शिवण्याचा. १७९३ च्या नोव्हेंबरात ते बंगालमध्ये उतरले ते ख्रिस्ती धर्माचा प्रसार करण्यासाठी. हा हेतू झाकण्याचे कारण नाही. त्यांनी स्वतःही तो कधी झाकला नाही. कंपनी सरकारला मिशनरी नको होते. त्यामुळे प्रथम काही वर्षे मदनावतीच्या नीळ कारखान्यात व्यवस्थापकी करून पोट भरावे लागले, आणि १८०० च्या आरंभी त्यांनी डेन्मार्कच्या निशाणाखाली श्रीरामपुरात आसरा घेतला. तेथे मार्शमन आणि वॉर्ड हे दोन सोबती मिळाले. पुढल्याच वर्षी फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली शिकविण्याची जागा त्यांना मिळाली, दरमहा ५०० रुपयांवर. ज्या सरकारला ते नको होते, त्याच सरकारने त्यांना पगारी ठेवले! पुढे संस्कृत आणि मराठी हे विषयही त्यांच्याकडे आले आणि पगार १००० झाला. म्हणजे ते आपल्यासारखेच सरकारी नोकर झाले. मंगळवार ते शुक्रवार कलकत्त्यात मुक्काम, आणि मग नावेने श्रीरामपूर. एवढ्या पगाराचा मनुष्य त्या काळी कलकत्त्यात चार घोड्यांच्या गाडीतून हिंडला असता. कॅरींचा पगार मात्र तिघांच्या सामाईक तिजोरीत पडे. घरखर्चापुरते थोडे, आणि कॉलेजात नीटनेटक्या कपड्यांत जाता यावे म्हणून आणखी थोडे, एवढेच त्यातून परत येई.

१८०६ च्या जूनमध्ये त्यांनी विलायतेतील एका स्नेह्याला पत्र लिहिले. फार पत्रे लिहिणे का होत नाही, याची कैफियतच ती. तीत त्या एका दिवसाचा हिशेब आहे. पावणेसहाला उठणे. हिब्रू बायबलचा एक अध्याय आणि सातपर्यंत एकान्त प्रार्थना. मग नोकरांसह बंगालीत प्रार्थना. चहा होईतो फारसी, कारण मुनशी दाराशी येऊन बसलेलाच असे. न्याहारीपूर्वी थोडे हिंदुस्थानी वाचन, न्याहारी होताच पंडिताबरोबर संस्कृत रामायणाचे भाषांतर, दहापर्यंत. दहा ते दीड-दोन कॉलेज. घरी येऊन बंगाली यिर्मयाची मुद्रिते तपासणे. जेवणानंतर कॉलेजच्या मुख्य पंडितांच्या साहाय्याने मत्तयच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय संस्कृतात उतरविणे, सहापर्यंत. सहानंतर तेलुगू पंडित. साडेसातला इंग्रजीत प्रवचन. नऊ वाजता मंडळी घरी गेल्यावर यहेज्केलाचा अकरावा अध्याय बंगालीत, तो जवळजवळ बारापर्यंत. आणि मग हे पत्र! वर ते सांगतात की कामे बदलतात, पण रोजचा वेळ याहून अधिक कधी नसतो.

हे वाचून पहिल्याने माझी मान खाली गेली. दहा ते दीड ही कचेरीची वेळ सोडली तर बाकीचा सारा दिवस त्यांनी स्वतःच्या हाताने भरलेला आहे. आपल्या दिवसाचा असा हिशेब मांडायला बसलो तर पोस्टकार्डसुद्धा अर्धे कोरे राहील. परंतु पुन्हा वाचले तेव्हा वेगळीच शंका आली. या सबंध दिवसात एकही दीन मनुष्य नाही. रोगी नाही, भुकेला नाही, दाराशी आलेली विधवा नाही. आहेत ते सारे पंडित, मुनशी आणि मुद्रिते. ख्रिस्ती धर्मात तर शेजाऱ्याची सेवा ही देवाच्या सेवेशी जोडून दिलेली. मग हा इतका जपलेला वेळ नेमका कुणाच्या उपयोगी पडत होता?

शंका एवढ्यावरच थांबत नाही. घरात काय होते? १७९४ मध्ये मदनावतीस त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर वारला, आणि त्यानंतर पत्नी डोरोथी यांच्या मनाचा तोल गेला तो परत आला नाही. साहेब एका खोलीत भाषांतर करीत आणि शेजारच्या खोलीत बाई भ्रमिष्ट अवस्थेत असत. असे बारा वर्षांहून अधिक काळ चालले. १८०७ च्या डिसेंबरात त्या गेल्या. मुलांना वळण लावले ते बव्हंशी हॅना मार्शमन यांनी आणि वॉर्ड यांनी. चरित्रकार हे प्रकरण लवकर आटोपते घेतात. मला ते घेता येत नाही. जगासाठी वेळ देणाऱ्या माणसाच्या घरी त्या वेळेची किंमत कोणीतरी दुसरेच मोजीत असते, आणि डोरोथीबाईंनी मोजलेली किंमत कोणत्याच सामाईक तिजोरीत जमा झाली नाही.

संत पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात वेळेविषयी एक उपदेश आहे. त्यातले मूळ ग्रीक क्रियापद बाजारातले आहे, असे जाणकार सांगतात: पैसे मोजून एखादी वस्तू सोडवून घ्यावी, तशी वेळ सोडवून घ्या. हा शब्द कॅरींच्या व्यवहाराला फार जवळचा आहे. कॉलेजचे तास त्यांनी सरकारला विकले आणि आलेल्या पैशांतून छापखाना, शाळा आणि माणसे उभी केली. पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर यांनी तेथे अनेक लिप्यांचे खिळे पाडले. तिघा सोबत्यांनी चालविलेल्या देशी शाळा १८१८ च्या सुमारास शंभरावर गेल्या होत्या. कलकत्त्यात निराधार ख्रिस्ती मुलांसाठी त्यांनी वेगळी शाळा काढली. १८१९ मध्ये गरिबांनी चार पैसे ठेवावेत म्हणून पेढी उघडली, १८२० मध्ये शेतकी आणि बागाईत सुधारण्यासाठी संस्था स्थापन झाली. त्यांच्या हातून पहिला बाप्तिस्मा घेतलेला बंगाली गृहस्थ कृष्ण पाल हा सुतार. १८०० साली त्याचा निखळलेला खांदा डॉ. टॉमस यांनी बसविला, तेथून ओळख झाली. १८१२ मध्ये काटव्यास एका महारोग्याला जळत्या खड्ड्यात जाताना कॅरींनी पाहिले. त्याला चटका बसताच तो बाहेर येऊ लागला आणि त्याच्याच आईने व बहिणीने त्याला परत लोटले. पुढे कलकत्त्यात महारोग्यांसाठी इस्पितळ निघाले, त्यामागे कॅरींची खटपट होती.

या साऱ्यापेक्षा मला जे अधिक ओळखीचे वाटले ते सतीचे प्रकरण, कारण त्यात कारकुनी आहे. १७९९ मध्ये नदीकाठच्या एका गावाजवळ त्यांनी सती जाताना प्रथम पाहिली. त्यांनी लोकांना विनविले, त्या बाईला विनविले, काही उपयोग झाला नाही. चितेवर बांबू दाबून धरलेले पाहवेनात म्हणून ते निघून गेले. पण श्रीरामपूरला आल्यावर त्यांनी आणि सोबत्यांनी जे केले ते एखाद्या चांगल्या हेडक्लार्कला शोभणारे होते. त्यांनी मोजदाद केली. १८०३ मध्ये कलकत्त्याभोवती तीस मैलांच्या टापूत माणसे पाठवून एका वर्षात किती विधवा जळाल्या ते विचारून घेतले. आकडा भरला ४३८. दुसऱ्या वर्षी त्याच टापूत जागोजाग माणसे बसवून पुन्हा मोजदाद करविली. शास्त्रात काय आहे ते कॉलेजच्या पंडितांकडून लिहून घेतले आणि कागद सरकारात पाठविले. गंगासागरला मुले पाण्यात टाकण्याच्या चालीविरुद्ध अशाच अहवालावर १८०२ मध्ये कायदा झाला होता. सतीचे कागद मात्र पडून राहिले, ते जवळजवळ पंचवीस वर्षे!

या अवधीत इतर हात कामाला लागले होते. ज्यांच्याबरोबर कॅरी दुपारी संस्कृत लिहीत, ते मुख्य पंडित मृत्युंजय विद्यालंकार यांनी १८१७ मध्ये, विधवेने सती जाणे शास्त्राने आवश्यक नाही, असा अभिप्राय दिला. राममोहन रॉय यांचा लढा तर सर्वांना ठाऊकच आहे. श्रेयाची वाटणी करायला बसले तर कॅरींच्या वाट्याला फार मोठा भाग येणार नाही. अखेर ४ डिसेंबर १८२९ रोजी लॉर्ड बेंटिंक यांनी सती बंद करणारा सतरावा कायदा केला. तो शुक्रवार होता. कॅरी त्या वेळी सरकारचे बंगाली भाषांतरकारही होते. इंग्रजीबरोबरच बंगालीतही कायदा प्रसिद्ध व्हावा म्हणून मसुदा त्यांच्याकडे आला, तो रविवारी सकाळी.

बाप्टिस्ट मनुष्याचा त्या काळचा रविवार म्हणजे काय, हे आपल्याला एकादशीच्या उपमेनेही नीट कळणार नाही. त्या दिवशी चरितार्थाचे काम नाही, कचेरीचा कागद नाही. शिवाय कॅरींना त्या दिवशी प्रवचन द्यावयाचे होते. अडुसष्ट वर्षांचे वय. मसुदा सोमवारी हाती घेतला असता तर कोणी एक शब्द बोलले नसते, उलट धर्मनिष्ठा म्हणून वाखाणले असते. चरित्रकार लिहितात की कॅरी ताडकन उठले, प्रवचनाला दुसऱ्या कुणाला तरी उभे राहावयास सांगितले, आणि पंडिताला बोलावून बसले. एक तास उशीर झाला तरी तेवढ्यात एखादी विधवा जळेल, असे त्यांचे म्हणणे होते. शुभवर्तमानात शब्बाथाच्या दिवशी येशू वाळलेल्या हाताचा मनुष्य बरा करतो, आणि आज जीव वाचवावा की नाही असा प्रश्न भोवतालच्या धर्मज्ञांना घालतो. हा प्रसंग कॅरींनी कित्येक भाषांत उतरविला होता. त्या रविवारी मात्र त्यांच्यापुढे कायद्याची कलमे होती. शब्द असा हवा की ठाणेदाराला संशय राहू नये, आणि चिता रचणाऱ्याला पळवाट मिळू नये. संध्याकाळपर्यंत भाषांतर पुरे झाले.

१८३० मध्ये मद्रास आणि मुंबई इलाख्यांतही तसेच कायदे झाले, आणि त्यांविरुद्ध विलायतेत गेलेला अर्ज १८३२ मध्ये फेटाळला गेला. कॉलेज आटोपते घेतले जाऊन कॅरींचा पगार तोवर बुडाला होता. ९ जून १८३४ रोजी ते श्रीरामपुरात वारले.

त्यांची कबर पाहून मी घाटावर थोडा वेळ बसलो. पलीकडे बराकपूर, मध्ये नावा. तेव्हा मला माझ्या टेबलावरची एक फाइल आठवली. आमच्या खात्यातल्या एका मयत चपराशाची बायको शुक्रवारी साडेचारला खिडकीशी आली होती, कुटुंब निवृत्तिवेतनाच्या कागदासाठी. कागदावर टीप लिहून वर पाठवावयाची होती. अर्ध्या तासाचे काम. ती दोन जिल्हे ओलांडून आली होती. मी तिला सांगितले, आता वेळ झाली, सोमवारी या. ती काही न बोलता गेली. ती गेल्यावर माझ्या ध्यानात आले की सोमवारी सुटी आहे.

मंगळवारी नेहमीपेक्षा लवकर कचेरीत पोचलो. खिडकी अजून उघडली नव्हती. ती बाहेर पायरीवर बसून होती.