प्रस्तावना : गोष्टीतलं यान आणि श्रीहरिकोट्याचं यान

बेळगावजवळच्या काकतीवरून जाणाऱ्या महामार्गाने उत्तरेला निघालं की कोल्हापूर लागतं, विज्ञानकथाकार जयंत नारळीकरांचं जन्मगाव. दक्षिणेला धारवाड. तिथल्या कृषी विज्ञान विद्यापीठाने आणि आयआयटीने आखलेल्या प्रयोगातल्या मूग-मेथीला २०२५ साली भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्ला यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर मोड आणले. विज्ञानकथा आणि प्रत्यक्ष मोहीम, दोन्ही आपल्याला अशी हाकेच्या अंतरावर. म्हणून या विषयात नव्याने येणाऱ्या सीमाभागातल्या वाचकाने बिचकण्याचं कारण नाही.

१९०० साली ‘केरळकोकिळ’ मासिकात ‘चंद्रलोकाची सफर’ येऊ लागली, ज्यूल व्हर्नच्या कादंबरीचा अनुवाद. व्हर्नचे तिघे प्रवासी तोफेच्या गोळ्यात बसून निघतात. तोफेची नळी नऊशे फूट. तेवढ्यात पृथ्वीची ओढ तोडणारा वेग गाठायचा, तर माणसावर त्याच्या वजनाच्या वीस हजार पटींहून जास्त भार येईल. धक्का सोसायला व्हर्नने पाण्याचा थर योजला होता. त्याने काय होणार! रॉकेट मिनिटामिनिटाने वेग वाढवत नेतं, ते यासाठीच.

‘गगनयान’ या भारताच्या मानवी अंतराळ मोहिमेचा आराखडाही तिघांचाच आहे : चारशे किलोमीटर उंची, तीन दिवस. पण त्यातली खरी डोकेफोड सुखरूप परतण्याची. २१ ऑक्टोबर २०२३ च्या चाचणीत उड्डाणाला पाच सेकंद उरले असताना संगणकाने मोजणी थांबवली. दोष शोधून दहा वाजता श्रीहरिकोट्याहून यान सोडलं. सुटका-यंत्रणेने अंतराळवीरांसाठीची कुपी रॉकेटपासून अलग केली, पॅराशूट उघडली, कुपी बंगालच्या उपसागरात नीट उतरली आणि पाण्यात उलटी झाली. कथाकार हा प्रसंग बहुधा गाळेल. अभियंत्याला तो गाळता येत नाही, कारण पुढे कधीतरी आत माणूस असेल.

म्हणून काही जण विज्ञानकथेला भाबडी ठरवतात. मला ते पटत नाही. भाकितं सरकारचीही चुकतात. २०१८ साली घोषणा झालेलं मानवी उड्डाण २०२२ पर्यंत व्हायचं होतं. कथेकडून वेळापत्रक मागूच नये, नियम पाळले का एवढं पाहावं. नारळीकरांनी १९७४ साली ‘कृष्णविवर’ मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. पहिलं बक्षीस मिळालं. प्रचंड गुरुत्वाकर्षणाजवळ काळ मंदावतो, हे त्या कथेमागचं भौतिकशास्त्र आजही पक्कं आहे. तिथवर जाणारं यान मात्र कोणत्याही देशाच्या आराखड्यात नाही.

सुरुवात नारळीकरांच्या ‘यक्षांची देणगी’ या कथासंग्रहापासून करा. मग इस्रोच्या चाचण्यांची वृत्तं वाचा, आणि आकडे दिसले म्हणून पान उलटू नका.

काकती, ता. बेळगाव