गाळलेले शेवटचे कडवे

दरवर्षी १३ एप्रिलच्या मध्यरात्री आमच्या अंबड गावात, सिडकोच्या चौकाचौकांत आणि चुंचाळ्याच्या घरकुलांत एकाच वेळी कर्णे सुरू होतात. गेली चार-पाच वर्षे मी त्या रात्री एक उद्योग करते. ओट्यावर वही घेऊन बसते आणि कोणते गाणे किती वेळा लागले त्याची नोंद ठेवते. पहाटेपर्यंत कानावर येणारी गाणी शेकड्यांनी असतात, पण वेगवेगळी मोजायला गेले तर दहा-बाराच भरतात. त्यांतली निम्मी तरी वामनदादा कर्डकांची असतात. दादांनी दहा हजारांवर गाणी रचली असे सांगितले जाते. आकडा थोडा इकडेतिकडे धरला तरी प्रश्न उरतोच. हजारो गाण्यांमधून ही डझनभर कोणी निवडली? निवडणाऱ्याची कसोटी कोणती होती? आणि जी निवडली गेली नाहीत त्यांचे काय झाले?

ह्या प्रश्नाला कोणी आवडीनिवडीचा प्रश्न म्हणेल. मला तो इतिहासाचा वाटतो. आमच्या आधीच्या पिढ्यांजवळ कागद नव्हता, गळा होता. चळवळीची बातमी, सभेचा ठराव, सावकाराचा जाच, सारे गाण्यात बसवून ठेवलेले. तेव्हा गाणे गाळणे म्हणजे दप्तरातले पान फाडणेच आहे.

मुळात हे गाणे एकटे कधीच नव्हते. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी नाशकात सुरू झाला. त्या आणि पुढच्या वर्षांत नाशिक जिल्ह्यात जलसे उभे राहिले. भीमराव कर्डकांचे नाव त्यांत ठळक आहे. तमाशाचा साचा घेतला, पण त्यातली गौळण काढून टाकली, गणातला देव बदलला, आणि वगाच्या जागी गावकीचे, मेलेल्या ढोराचे, शाळेचे, दारूचे प्रश्न संवादांतून मांडले. भीमरावांचा एक जलसा आपल्या दहा सभांच्या तोडीचा आहे असे बाबासाहेब म्हणत, ही आठवण आजही सांगितली जाते. ह्या जलशात गाणे येई ते दोन संवादांच्या मधे. आधी हसवलेले, मग विचारात पाडलेले, आणि नंतर गाणे. त्यातले गाणे तेवढे उचलून बाजूला ठेवले तर ते भाकरीशिवायच्या कालवणासारखे होते. भीमरावांना हे कळत होते. म्हणूनच त्यांनी उतारवयात 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक सिद्ध केले. ते १९७८ साली निघाले. स्वतःच्या आयुष्यभराच्या कामाचा संग्रह करणाऱ्या माणसाने नुसती गाजलेली गाणी न देता जलशाचे स्वरूप आणि कार्य असे नाव द्यावे, ह्यात मला पुष्कळ काही दिसते.

दुसरे कर्डक म्हणजे वामनदादा. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला जन्म. पोटासाठी मुंबई. कोळशाच्या वखारीपासून गिरणीपर्यंत मिळेल ते काम. शाळा नाहीच. कोणीतरी पत्र वाचायला दिले आणि ते वाचता आले नाही, ह्या लाजेतून तरुणपणी अक्षरओळख करून घेतलेली. पहिले गाणे १९४३ सालचे, तेही सिनेमातल्या चालीवर केलेले विडंबन. पुढे साठ वर्षे हा माणूस खेड्यापाड्यांतून गात हिंडला. १५ मे २००४ रोजी नाशकातच गेला, तेव्हा मी शाळेत होते. आण्णा, म्हणजे माझे वडील, त्या दिवशी कंपनीत खाडा करून गेले होते. खाड्याचा पगार कापला गेला, त्याबद्दल ते कधीच बोलले नाहीत.

आण्णा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात हेल्पर होते आणि सुट्टीच्या रात्री एका गायन पार्टीत ढोलकी वाजवीत. पार्टीची एक वही आमच्या घरी आहे. माझ्या चुलत आजोबांनी ती सुरू केली, आण्णांनी पुढे चालवली. साठ-पासष्ट गाणी असतील. शाई तीन-चार प्रकारची, शुद्धलेखन जो लिहील त्याचे. काही गाण्यांच्या डोक्यावर गावाचे नाव लिहिलेले आहे, म्हणजे ते तिथे पहिल्यांदा म्हटले गेले किंवा त्या गावासाठी बदलले गेले. एका गाण्याखाली नुसते 'पाणी सुटले' असे लिहिले आहे. विहिरीच्या तंट्यावरचे ते गाणे आहे. असले गाणे कोणत्या निवडीत येणार?

दादांच्या गाण्यांची पुस्तके निघाली ती फार उशिरा. 'वाटचाल' १९७३ साली, 'मोहळ' १९७६ साली आणि 'हे गीत वामनाचे' १९७७ साली. गायला लागून तीस वर्षे झाल्यावर पहिला संग्रह! ती वर्षे कोणती होती हे आपण जाणतोच. १९७२ साली 'गोलपिठा' आले, त्याच वर्षी दलित पँथर स्थापन झाली. मुक्तछंदाचा तो काळ. नियतकालिकांनी कविता छापल्या, त्यांवर चर्चा घडवल्या, ते योग्यच झाले. पण यमक जुळवणारा, पेटीवर गाणारा, जयंतीला बिदागी घेणारा माणूस आपल्या लिहित्या मंडळींना थोडा अडचणीचा वाटला, हे कबूल केले पाहिजे. 'प्रचारगीते' हा एक शब्द पुरला. मी स्वतः एम. ए. ला असताना निबंध लिहिला तो मुक्तछंदातल्या कवितेवर. घरात ढोलकी टांगलेली असताना मला ती दिसली नाही. पहिल्यांदा शिकणाऱ्या माणसाला आपल्या घरातले ज्ञान ज्ञान वाटत नाही, हा शिकण्याचाच एक दंड असतो.

तेव्हा निवड करायची जागा आम्ही रिकामी सोडली आणि ती बाजाराने भरली. जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली. साठ मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूस तीस मिनिटे. त्यात सुरुवातीचे संगीत, कोरसने घोळवलेले ध्रुपद, मधली वाद्ये. सात-आठ कडव्यांचे गाणे तीन-चार कडव्यांवर आणल्याशिवाय बसायचे कसे? कात्री लागली ती बहुधा शेपटाला.

आमच्याकडे अशी एक कॅसेट होती. कोणाची ते सांगत नाही. 'निवडक' असा शब्द तिच्यावर होता. वेष्टनावर गायकाचा रंगीत फोटो, वाद्यवृंदाचे नाव, किंमत, सारे होते. गीतकाराचे नाव कुठेच नव्हते. मी नववी-दहावीत असेन. कॅसेट लावून मी गाणे लिहून घेत होते आणि आई भाकऱ्या थापत होती. गाणे संपले तसे मी बटण दाबले. आई म्हणाली,

"अगं, संपलं कुठं? नाव राहिलं ना दादांचं."

आणि तिने शेवटचे कडवे म्हटले. त्यात 'वामन' होते.

पुढे कितीतरी वर्षांनी त्या वाक्याचा अर्थ माझ्या ध्यानात आला. अभंगात तुकोबा स्वतःचे नाव घालतात, चोखोबा घालतात. गझलेत शायर घालतो. दादांनी दोन्ही परंपरांतून ही रीत घेतली. जिथे गाणे तोंडोतोंडी जाते, जिथे छापखाना नाही, करारपत्र नाही, तिथे शेवटच्या कडव्यातले नाव हीच मालकीची नोंद असते. कडवे कापले की नोंद जाते. कापणाऱ्याच्या मनात चोरी असेलच असे नाही, त्याला मिनिटे वाचवायची होती. परिणाम मात्र तोच. 'सांगत्ये ऐका' हा १९५९ चा चित्रपट महाराष्ट्राने डोक्यावर घेतला. त्यातले एक गाणे दादांचे आहे, हे माझ्या वर्गात विचारले तर एखादा हात वर होतो.

अंबडहून त्रिरश्मी लेणी दिसण्याइतक्या जवळ आहेत. विद्यार्थ्यांना मी दरवर्षी तिथे नेते. तिथल्या शिलालेखांत राजे आहेत, राण्या आहेत, आणि मुगुदास नावाचा एक दासकही आहे. दासक म्हणजे मासेमारी करणारा असा अर्थ अभ्यासक लावतात. कुटुंबासह त्याने लेणे दान दिले आणि आपले नाव दगडात कोरून ठेवले. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका कोळ्याला जे मिळाले ते विसाव्या शतकातल्या महाकवीला कॅसेटच्या वेष्टनावर मिळू नये?

इथे जगातले एक उदाहरण घेण्याजोगे आहे. रोलिंग स्टोन्स हा इंग्लंडमधला वाद्यवृंद १९६२ साली सुरू झाला. चाळीस वर्षे पूर्ण झाली तेव्हा, २००२ साली, त्यांनी चाळीस गाण्यांचा दोन तबकड्यांचा संग्रह काढला. साऱ्या कारकिर्दीची निवड एका जागी येण्याची ती पहिलीच वेळ. इतका उशीर का? १९७० पर्यंतच्या गाण्यांचे हक्क त्यांच्या एका जुन्या व्यवस्थापकाच्या कंपनीकडे गेलेले होते. आधीची गाणी एकाकडे, नंतरची दुसरीकडे, दोघांचे जमल्याशिवाय आयुष्य एकत्र येईना. म्हणजे कोणती गाणी 'निवडक' ठरतात हे पुष्कळदा हक्क कोणाकडे आहेत ह्यावर ठरते. त्यांच्याकडे हक्क फार घट्ट होते म्हणून संग्रह अडला. आमच्याकडे हक्क कोणाचेच नव्हते, म्हणून संग्रह कोणीही काढला.

आणखी एक गोष्ट. त्या वाद्यवृंदाने आपले नाव घेतले ते मडी वॉटर्स ह्या काळ्या अमेरिकन गायकाच्या १९५० सालच्या गाण्यावरून. हा मडी वॉटर्स मिसिसिपीतल्या कापसाच्या मळ्यावरचा मजूर. १९४३ साली तो मळा सोडून शिकागोला गेला. त्याच साली इकडे मुंबईत देशवंडीचा एक मजूर पहिले गाणे जुळवीत होता. दोघांना एकमेकांची गंधवार्ता नव्हती. पँथरने नाव घेतले ते त्याच काळ्या माणसांच्या चळवळीकडून, पण त्यांच्या गाण्याकडे मात्र आपले लक्ष फारसे गेले नाही.

आण्णांना माझे हे सारे म्हणणे पटत नाही. त्यांना कॅसेटबद्दल कृतज्ञता आहे. ते म्हणतात, "तू कागद बघतीस. आम्ही तिसऱ्या पाळीला जायचो. जलसा गावात येणार कधी, आम्ही मोकळे होणार कधी? सहा डिसेंबरला चैत्यभूमीवरून एक कॅसेट आणली की वर्षभर आख्खी गल्ली ऐकायची." ह्यावर मला उत्तर नाही. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, श्रावण यशवंते ह्यांच्या आवाजांनी ही गाणी जिथवर नेली तिथवर पुस्तक जाऊच शकले नसते. 'वाटचाल' आमच्या गल्लीत एकाच्याही घरी नव्हते. कॅसेट प्रत्येकाच्या घरी होती.

तरीही निवडीने काय मागे टाकले ते पाहिले पाहिजे. जयंतीच्या रात्री वाजतात ती बहुतेक गौरवाची गाणी. त्यांचे मोल कमी नाही. ज्याला नाव नव्हते त्याला नाव मिळाल्याचा तो आनंद आहे. पण आमच्या वहीत पुढाऱ्यांच्या फाटाफुटीवर गाणी आहेत, घरातल्या बाईला मारणाऱ्या आंबेडकरवाद्यावर एक आहे, भूमिहीनांच्या सत्याग्रहावर दोन आहेत. कौतुकाचे गाणे कोणत्याही मांडवात चालते. आपल्याच माणसाला जाब विचारणारे गाणे वाजवायला मंडळाचा अध्यक्ष तयार लागतो, आणि मांडवाचा खर्च देणारा नगरसेवकही. एक अपवाद मी प्रामाणिकपणे नोंदवते. देशाच्या संपत्तीत आमचा वाटा कुठे आहे असे बड्या भांडवलदारांची नावे घेऊन विचारणारे दादांचे गाणे अजून जोरात लागते. अंबडमध्ये ते कारखान्यांच्या भिंतींवर आपटून परत येते. त्यावर नाचणाऱ्या पोरांतली बरीचशी ठेकेदाराकडे रोजावर आहेत.

दोन वर्षांपूर्वी मी वर्गातल्या मुलांना एक काम लावले. घरातल्या वयस्कर माणसाकडून एक गाणे पूर्ण लिहून आणायचे. सोबत चार गोष्टी: कोणी रचले, कोणाच्या तोंडून ऐकले, कुठल्या गावी, कशाच्या निमित्ताने. आणि कितीही लांब असले तरी शेवटचे कडवे सोडायचे नाही. एका मुलाने मोबाईलवरून उतरवून आणले, ते परत पाठवले. त्याची आजी चिडली म्हणे, आधी मला विचारायचे होते. तिने तीन गाणी दिली.

वही समोर ठेवून मी आता आईबरोबर बसते. तिला वाचता येते, पण वाचून सांगत नाही, गाऊनच सांगते, कारण मधेच थांबले की पुढचे सापडत नाही. त्या जुन्या कॅसेटमधल्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात वहीत एक शब्द आहे आणि आईच्या तोंडी दुसरा. आण्णा वहीच्या बाजूचे. आई म्हणते, वही लिहिणारा झोपेत होता. मी दोन्ही शब्द लिहून ठेवले आहेत.