सुकाणू सोडायचं, पण कुणाच्या भरवशावर?

मंडळी, 'सागर परिक्रमा' म्हटलं की आपण धाडसाबद्दल बोलतो. कमांडर दिलीप दोंदे 19 ऑगस्ट 2009 रोजी मुंबईहून 'म्हादेई' घेऊन निघाले आणि चार बंदरांत थांबून मे 2010 मध्ये परतले. बोट 56 फुटी, गोव्यात दिवाडीला रत्नाकर दांडेकरांनी बांधलेली. माणूस एकटा. मग तो झोपला की सुकाणू कोण धरणार? आज आपण या साध्या प्रश्नाचा इतिहास पाहू.

1922 साली निकोलस मिनोर्स्की या अभियंत्याने कसबी सुकाणूवाल्याच्या कामाचं गणित मांडलं. जहाज किती भरकटलं एवढंच तो पाहत नाही. ते किती वेगाने भरकटतंय हेही पाहतो, आणि दिशा पुरती सरळ होण्याआधीच सुकाणू उलट वळवतो. आजच्या ऑटोपायलटच्या मुळाशी हेच गणित आहे. म्हणजे यंत्राने शहाणपण घेतलं ते माणसाच्या हाताकडून!

पण शिडाच्या बोटीत एक मेख आहे. शिडं जास्त ताणली किंवा वाऱ्याच्या मानाने मोठी ठेवली, की बोट सारखी वाऱ्याकडे तोंड वळवू पाहते. यंत्र तिला सारखं मागे ओढतं. बॅटरी उतरते, वेग घटतो, शेवटी यंत्रच मोडतं. दोष कुणाचा? आपण यंत्राला शिव्या देतो. खरं तर मागचं मोठं शीड वेळेवर आखडायला हवं होतं.

याचा दाखला आपल्या जवळचाच आहे. वाशीचा पूल ओलांडून कुलाब्याला जा. तिथल्या कारखान्यात सागवानाची 32 फुटी 'सुहेली' बांधली गेली. 1968-69 मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी तिच्यातून 312 दिवसांत, कुठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिलेच. वाऱ्यावर चालणारं त्यांचं स्वयंचलित सुकाणू ऑस्ट्रेलियाजवळ निकामी झालं. तरी प्रवास थांबला नाही. शिडांचा तोल असा साधला, की बोट बराच वेळ आपली आपण सरळ जाई.

आता तत्त्वज्ञानाच्या माणसाला यात काय दिसतं? काम दुसऱ्यावर सोपवणं म्हणजे जबाबदारी झटकणं नव्हे. आधी तोल साधायचा, मग हात काढायचा. आज गाडीपासून कारभारापर्यंत सगळंच आपण यंत्राच्या हाती देतो आहोत. तेव्हा 'यंत्र किती हुशार?' याआधी 'शिडं नीट लावली आहेत का?' हे विचारू या.